पुलावर न चालणारं कारण

प्रिय सूनबाई,

‘सूनबाई’ वाचून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल तर पडू दे. मला दुसरा शब्द सापडला नाही आणि शोधायचाही नाही. तू मात्र फार चटकन शोधलास. फुटबॉलच्या हंगामाचं कार्ड पाकिटात घालून परत पाठवलंस, सोबत चार ओळी, आणि वर काय, तर ‘आदरणीय काका’. काका! इतकी वर्षं बाबा म्हणून हाका मारल्यास, स्टेडियमच्या पायऱ्यांवर माझा हात धरून ‘बाबा, सावकाश’ म्हणालीस, आणि एका टपालात माझा काका झाला. काका म्हणजे कोण? लग्नकार्यात पंख्याखालची खुर्ची धरून बसतो आणि जेवण कधी आहे ते विचारतो, तो. मी कधीपासून तुझा तो झालो? आणि खाली ‘तब्येतीला जपा’. हे वाक्य माणूस कुणाला लिहितो? ज्याला पुन्हा भेटायचं नसतं त्याला. माझी तब्येत उत्तम आहे. रक्तदाब वाढलाय, पण तो तुझ्यामुळे आणि आपल्या प्रशिक्षकामुळे, निम्मा निम्मा.

दुकानात बसून लिहितोय. दुपारची वेळ आहे, गिऱ्हाईक नाही, चष्म्याच्या काचा घासायचं मशीन बंद आहे. तुझ्या सासूबाईंनी (त्याही अजून सासूबाईच आहेत, त्यांनी स्वतः तसं सांगितलंय) निघताना बजावलं की, अहो, लिहायचं तर सरळ लिहा, आधी अख्खा सामना खेळून मग मुद्द्यावर येऊ नका. पण सामन्याबद्दल तुला नाही सांगायचं तर कुणाला? घरात एक भिंत आहे आणि एक त्या आहेत, आणि फुटबॉलच्या बाबतीत भिंत जास्त लक्ष देते. तेव्हा आधी सामना.

रविवारी आपण चार गोल खाल्ले. चारही डावीकडून. पहिला झाला तेव्हा मी म्हटलं, होतं असं. दुसरा झाला तेव्हा आपल्या मागे बसणारा प्लंबर उभा राहिला आणि त्याने प्रशिक्षकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिसऱ्याला शेजारच्या मास्तरीणबाईंनी विणकाम पिशवीत टाकलं, आणि त्या विणकाम ठेवतात म्हणजे काय होतं ते तुला ठाऊक आहे. चौथा गोल कुणी बघितलाच नाही. सगळे पायऱ्या उतरत होते. मी मात्र बसून होतो. शेवटपर्यंत बसायचं हा आपला नियम आहे आणि तो मोडायला मी काही राजीनामा पाठवलेला नाही.

त्या शहाण्याने डाव्या बाजूला कुणाला उभं केलंय माहीत आहे? तो उजव्या पायाचा पोरगा, गेल्या वर्षी राखीव बाकावर शेंगा सोलत बसायचा ना, तो. पोरगा वाईट नाही. धावतो, घाम गाळतो. पण चेंडू आला की त्याला आधी स्वतःला वळवून घ्यावं लागतं, मग चेंडूला, आणि तोवर समोरचा पुढे जाऊन गोल करून सोबत्यांच्या गळ्यात पडलेला असतो. डाव्या पायात उजवा बूट घालून माणसाला नाचायला सांगायचं आणि वर म्हणायचं, अंगण वाकडं आहे! सामना संपल्यावर प्रशिक्षक तेच म्हणाला. मैदान ओलं होतं म्हणे. दोन्ही संघांना एकच मैदान होतं की नव्हतं? बिनबाह्यांचं जाकीट घालायचं, हातातल्या पडद्यावर बोटं फिरवायची आणि समोर चाललेला खेळ सोडून सगळं बघायचं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

आणि पुढे तो राजपुत्र! केसाला पट्टा, पायात गुलाबी बूट, आणि चेंडू पाच पावलांवर असेल तर हात पसरून विचारणार की माझ्यापर्यंत का आणला नाही. त्याच्यासाठी म्हणून मधल्या फळीतला तो मुका पोरगा विकला. आठवतो ना? कधी कुणाशी वाद नाही, कधी पिवळं कार्ड नाही, सगळ्यांचं काम उरकायचा. तो गेल्यापासून मधे नुसता रस्ता आहे, कुणीही यावं कुणीही जावं. आपला कप्तान, आपला खांब, अजून उभा आहे, पण खांबच आहे, वळत नाही. त्याला बसवायचं धाडस कुणात नाही, कारण मालकाच्या घरच्या जेवणाला तो असतो. या संघात धावणाऱ्याला बाहेरची वाट आणि मिरवणाऱ्याला पाट. आणि कडेने झेंडा घेऊन पळणारा तो लाइनमन! तो माझं गिऱ्हाईक आहे. त्याचा नंबर मला तोंडपाठ आहे आणि तो सांगणं माझ्या धंद्यात बसत नाही. एवढंच सांगतो की चष्मा त्याने घेतलेला आहे आणि तो घरी ठेवून येतो.

पण खरा संताप मला या कुणाचा नाही. खरा संताप डावखुऱ्याचा आहे. म्हणजे त्याला काढला त्याचा.

तू गेल्यानंतर महिन्याभरात काढला. मला कळलं ते कसं, तर तिकीटखिडकीवर चिकटवलेल्या कागदावरून. ‘क्लब आणि खेळाडू यांनी परस्पर संमतीने करार संपवला आहे. क्लब त्यांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा देत आहे.’ मी तो कागद तीनदा वाचला. खिडकीतल्या पोरीला विचारलं, कुणाची संमती? ती म्हणाली, काका, मला नुसता चिकटवायला दिलाय. (बघ, काका मला कोण म्हणतं ते. तिकीटखिडकीतली पोरगी.) ज्याने मिशी फुटायच्या आधीपासून या संघाची डावी बाजू धरली, जो एक मोजा खाली घसरलेला ठेवून धावायचा, जो हरल्यावरसुद्धा आपल्या कोपऱ्यासमोर येऊन हात जोडायचा, त्याने संमती दिली? कोण देतं अशी संमती? समोर कागद ठेवतात, पेन देतात, सगळे मान खाली घालून बसतात, आणि माणूस सही करतो कारण तिथे आणखी बसणं त्याला नको असतं. त्याला हे लोक संमती म्हणतात.

आता तू म्हणशील, बाबा, तुम्ही डावखुऱ्याबद्दल बोलताय की माझ्याबद्दल? मी डावखुऱ्याबद्दल बोलतोय. तुझ्याबद्दल बोलायला लागलो तर कागद पुरणार नाही.

तू आलीस तो दिवस आठवतो का तुला? लग्न होऊन आठवडाही झाला नसेल. मी टीव्हीसमोर ओरडत होतो, आणि चिरंजीव शेजारी बसल्या बसल्या घोरत होते. लहानपणापासून असाच. मी त्याला मैदानावर न्यायचो तर तो कठड्यावर डोकं टेकून झोपायचा, बाजूला वीस हजार माणसं घसा फोडून ओरडत असायची. आणि तू स्वयंपाकघराच्या दारातून, हात पुसता पुसता म्हणालीस, ऑफसाइड होता. मी मान वळवून बघितलं. टीव्हीवाल्यांनी पुन्हा दाखवलं. ऑफसाइड होता! तुझ्या सासूबाई अजून सांगतात की आमच्या लग्नात माझा चेहरा जेवढा खुलला नव्हता तेवढा त्या दिवशी खुलला. पुढच्या हंगामाला चिरंजीवांनी आपलं कार्ड आपण होऊन तुझ्या हातात दिलं आणि रविवारची झोप सोडवून घेतली. तू बदली खेळाडू म्हणून आलीस आणि पहिल्या दिवसापासून जागा अशी धरलीस की आधी तिथे कुणी बसायचं हेच लोक विसरले.

मास्तरीणबाईंची तर खात्रीच होती की तू माझी मुलगी. चिरंजीव वर्षातून एकदा तोंड दाखवायला आले की त्या हळूच मला विचारायच्या, जावईबापूंना खेळाची आवड दिसत नाही. मी म्हणायचो, नाही हो, चांगल्या घरचा आहे पण आवड नाही. कधी दुरुस्त केलं नाही मी. तू शेजारी बसून स्कार्फात तोंड खुपसून हसायचीस. आणि तुझ्यासारखी नजर मी चष्म्याच्या धंद्यात असून कुणाची पाहिली नाही. इस्पितळात दिवसभर लोकांच्या हाडांचे फोटो काढायचे आणि रविवारी खेळाडूंची हाडं नुसत्या डोळ्यांनी वाचायची. डावखुरा नीट धावत असताना तू म्हणालीस, बाबा, हा उजव्या गुडघ्यावर भार देत नाहीये. पुढच्या आठवड्यात तो पट्टी बांधून बाकावर. प्लंबर तेव्हापासून तुला डॉक्टरीणबाई म्हणायला लागला, आणि तू दर वेळी सांगायचीस की मी डॉक्टर नाही, नुसती फोटो काढते.

आणि आपला पूल. सामना संपला की नदीवरच्या त्या पादचारी पुलावरून बसथांब्याकडे. पूल संपायच्या आत प्रत्येकाने एकाला संघातून काढायचं, आणि काढायचं तर कारण द्यायचं. चेंडू उशिरा सोडतो, हे कारण चालेल. मागे परत येत नाही, चालेल. दम लागतो, चालेल. पण आवडत नाही, कंटाळा आला, मनातून उतरला, ही कारणं पुलावर चालायची नाहीत. हा नियम तुझाच. मी एकदा त्या लांब केसांच्या पोराला नुसत्या केसांवरून काढायला निघालो होतो, तेव्हा तू पुलाच्या मधोमध थांबलीस आणि म्हणालीस, बाबा, माणूस काढताय, भाजी नाही. शिवाय दर हंगामात प्रत्येकाचा एक खेळाडू असा, की त्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, काही झालं तरी. माझा गोल राखणारा गोली. तुझा डावखुरा. दर वर्षी मी म्हणायचो, या वर्षी दुसरा घे, याचं वय झालं. दर वर्षी तू म्हणायचीस, तोच.

म्हणून तर तुम्ही वेगळं व्हायचं ठरवलंत त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी मला राहवलं नाही. तुझे आईवडील समोर, आम्ही दोघं, तुम्ही दोघं, मधे कुणीही न खाल्लेली बिस्किटं. मी चिरंजीवांना विचारलं, बाबा रे, कारण काय? त्याने टेबलावर बोटाने रेघा ओढल्या आणि म्हणाला, कारण असं काही नाही बाबा, भांडण नाही, हिची काही चूक नाही, फक्त मन राहिलं नाही. आणि मी म्हटलं, हे कारण पुलावर चालत नाही. तुझ्या वडिलांनी माझ्याकडे असं बघितलं की याला बहुतेक झटका आला. तुझ्या सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला. सगळ्या टेबलात एकटी तू हसलीस. मग तू उठून बेसिनशी गेलीस, आणि नळ किती वेळ वाहत राहिला. त्या नळाचा आवाज मी विसरलेलो नाही. चिरंजीवांनाही मी तो अजून विसरू दिलेला नाही.

तो माझा पोटचा आहे, त्याला संघातून काढता येत नाही. येत असता तर कारण माझ्याकडे तयार होतं. तो घरी येतो, मी त्याच्याशी बोलतो, पाण्याच्या मोटरबद्दल, गाडीबद्दल. पण एक गोष्ट मला कुणी सांगावी. तुम्ही दोघांनी सही केली, कोर्टाने शिक्का मारला, ठीक. नवराबायकोचं नातं तुमचं होतं, तुम्ही सोडवलंत. सासरा आणि सून यांचा घटस्फोट कुणी केला? माझी सही कुठे आहे? मला कुणी कागद दाखवला? घर त्याचं, निर्णय तुमचा, आणि खेळाडू मात्र माझा गेला. क्लबच्या मालकाने निदान तिकीटखिडकीवर कागद तरी लावला. मला तर तेवढाही मान नाही. चार ओळी, आदरणीय काका, आणि तब्येतीला जपा.

घरचं झालं थोडं, तशात चिरंजीव गेल्या महिन्यात म्हणाले, बाबा, तुमच्या शेजारची खुर्ची रिकामीच आहे तर हिला नेत जा, तिलाही आवडतं. ही म्हणजे त्याची नवी. नेलं मी एकदा. सांगायला लाज वाटते, पण मी तिच्यात खोट शोधायच्या तयारीनेच गेलो होतो. तिने माझ्यासाठी बसायला गादी आणली होती. दगडी बैठक गार लागते म्हणून. आपले कोणते आणि त्यांचे कोणते ते दोनदा विचारलं, आणि राजपुत्र छान दिसतो म्हणाली. पण मन लावून बघत होती. ती बिचारी वाईट नाही, आणि हाच तर मनस्ताप आहे. वाईट असती तर मला एवढी चिडचिड एका जागी ठेवता आली असती. सामना संपल्यावर पुलावरून येताना मी कुणालाही संघातून काढलं नाही, नुसता चाललो. पूल संपला तशी ती म्हणाली, काका, तुम्ही थकलात का? मी हो म्हटलं. पुन्हा मी तिला नेलं नाही, आणि चिरंजीवांना सांगितलं की त्या जागेवर मास्तरीणबाईंची पिशवी बसते. खरंच बसते आता. सामान बरंच असतं त्यांचं.

आता तू काय केलंस ते ऐक. आपला प्लंबर. त्याची बहीण तू आता राहतेस त्या बंदराच्या गावात दिलेली आहे. तो तिच्याकडे गेला होता तर भाच्याला घेऊन तिथल्या संघाचा, बंदरवाल्यांचा, सामना बघायला गेला. आणि रविवारी हाफटाइमला, तिसरा गोल नुकताच बसलेला, माझं डोकं आधीच तापलेलं, अशा वेळी तो पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणतो, मालक, तुमची डॉक्टरीणबाई दिसली. निळा स्कार्फ होता गळ्यात. उभी राहून तिकडच्या लाइनमनला काय झापत होती!

निळा स्कार्फ! सूनबाई, घर सोडलंस, मी गिळलं. गाव सोडलंस, बदली घेऊन त्या खाऱ्या वाऱ्याच्या गावात गेलीस, तेही समजलो, इथे प्रत्येक वळणावर ओळखीचा माणूस आणि प्रत्येकाच्या तोंडात एकच प्रश्न, कोण राहील? पण निळा स्कार्फ? बंदरवाल्यांचा? ज्यांना आपण दोघांनी इतकी वर्षं तोंडाला फेस येईपर्यंत शिव्या घातल्या, ज्यांच्या गोलीला तू गळकी बादली असं नाव ठेवलंस, त्यांच्या रंगात? दुसऱ्या अर्ध्या खेळात मला काही दिसलंच नाही. घरी येऊन जेवलो नाही. तुझ्या सासूबाईंनी विचारलं, किती गोल खाल्ले? मी म्हटलं, पाच.

सोमवारी दुकान उघडलं आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसलो. एका बाईंना म्हटलं, तुम्हाला चष्म्याची गरज नाही, लक्ष देण्याची गरज आहे. मंगळवारी एक आजोबा डोळे तपासायला आले. त्यांची तपासणी करता करता एकदम लक्षात आलं आणि मी हातातली काच तशीच धरून उभा राहिलो. डावखुरा! आपल्या लोकांनी काढला तो गेला कुठे? बंदरवाल्यांकडे. त्यांनीच घेतला ना त्याला. त्यांच्या मैदानावर तू निळ्या रंगासाठी गेलीच नव्हतीस. तुझा हात न लावायचा खेळाडू जिथे खेळतो तिथे तू जाऊन उभी राहिलीस. त्याच्याशी तरी कुणी इमान राखायला हवं होतं, ते तू राखलंस. आजोबा विचारत होते, फार वाईट आहे का हो? मी म्हटलं, नाही, तुमचं उत्तम आहे, वाईट माझं होतं.

तरी राग गेला असं समजू नकोस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बुधवारी मी दुकान बंद करून प्लंबरच्या कामावर गेलो. तो कुणाच्या तरी न्हाणीघरात पाइपाखाली आडवा पडला होता, नुसते पाय दिसत होते. मी त्या पायांना विचारलं, ती लाइनमनला नक्की काय ओरडत होती? तो आतून म्हणाला, ऑफसाइडवरून काहीतरी. मी म्हटलं, काहीतरी नको, शब्दन् शब्द सांग. तो कुरकुरत बाहेर आला, पाना खाली ठेवला, हात पुसले, आणि तुझी नक्कल करून दाखवली. कमरेवर एक हात, दुसरा हात लाइनमनकडे, आणि सगळं मैदान वळून बघेल असा आवाज: ‘अरे, आमच्या बाबांच्या दुकानात जा! फुकट तपासून देतील!’

आमच्या बाबांच्या.

मी त्याला पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं. घरमालकीण दारात उभी राहून बघत होती, तिला वाटलं असेल पाइपाचं काहीतरी चाललंय. कागदावर काका आणि भर मैदानात बाबा! संताप आला म्हणजे माणसाच्या तोंडून खरं निघतं, हे मी आयुष्यभर सांगत आलोय आणि घरात कुणी ऐकलं नाही. तेव्हा आता मुद्दा, तुझ्या सासूबाईंना हवा होता तो. येत्या रविवारी हंगामाचा शेवटचा सामना आहे, तुमच्या गावात, बंदरवाल्यांशी. हरलो तर आपण खालच्या गटात जाणार, आणि डाव्या बाजूला तो उजव्या पायाचा पोरगा आहे, म्हणजे हरणार. पाहुण्यांच्या कोपऱ्यात तिकिटं आहेत, प्लंबर आणि मास्तरीणबाई तिथेच बसणार आहेत. मला तिथे बसायचं नाही. तू इकडे परत ये असं मी म्हणणार नाही, म्हणायचा हक्क कुणी ठेवलेला नाही. मला एवढंच विचारायचं आहे, तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे का? असेल तर मी माझा पिवळा-काळा स्कार्फ घालूनच येईन, काढणार नाही, तुझ्या लोकांना सांगून ठेव. डावखुऱ्याने आपल्यावर गोल केला तर मी उठून टाळ्या वाजवणार नाही. बसून वाजवीन. सामना संपल्यावर पूल कुठून आणणार, पण बंदराचं गाव म्हणजे धक्का असेलच. त्या टोकापर्यंत चालत जाऊ, आणि टोक यायच्या आत काढायचा कोण ते ठरवू. माझा या हंगामाचा हात न लावायचा खेळाडू तेवढा आत्ताच सांगून ठेवतो. गोली नाही. या वर्षी मी तुला घेतलंय, आणि हात कुणालाही लावू देणार नाही, तुला स्वतःलासुद्धा.

तुझाच,
बाबा